वाढले ते नेमके काय?

बाहेर काही वाजत नसताना कानात ऐकू येणारा आवाज, म्हणजे टिनिटस, वाढत चालला की माणूस चांगल्या तज्ज्ञाच्या शोधाला लागतो, आणि हा शोध सुरू झाल्याचे कळताच सल्ला देणाऱ्यांचे दोन पक्ष त्याला घेरतात. एक पक्ष सांगतो की टिनिटसवर उपाय नाही, त्यासाठी काढलेली खास क्लिनिके म्हणजे निव्वळ दुकानदारी आहे, तेव्हा पैसे वाचवा आणि सवय करून घ्या. दुसरा पक्ष सांगतो की साध्या डॉक्टरांच्या हातात यातले काही नाही, जिथे सर्वांत नवी यंत्रे आहेत आणि सर्वांत जास्त माणसे बरी झाल्याचे ऐकिवात आहे तिथे वेळ न दवडता जा. दोघेही तावातावाने भांडतात; गंमत अशी की दोघांच्या हातातली फूटपट्टी एकच आहे. आवाज बंद होतो की नाही, एवढ्या एका प्रश्नावर पहिला पक्ष क्लिनिकला नापास करतो आणि दुसरा पास. माझ्या मते ही फूटपट्टीच चुकीची आहे. वाढत्या टिनिटससाठी क्लिनिक निवडताना पाहायचे ते हे, की तुमच्या बाबतीत नेमके काय वाढले आहे हे शोधून काढण्याची तिथे किती तयारी आहे. हा प्रश्न जिथे उपचाराआधी विचारला जातो ते क्लिनिक निवडावे. जिथे उपचार आधीच ठरलेला असतो आणि चौकशी नंतर होते, ते कितीही नामांकित असले तरी टाळावे.

‘आवाज वाढला, दुसरे काय?’ असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. गेली काही वर्षे दोन्ही कानांत किर्र वाजणारा एक बारीक सूर घेऊन मी वावरतो आहे. तो असह्य वाढला अशी खात्री झाल्यावर मी एका क्लिनिकमध्ये गेलो. जाड दाराच्या खोलीत हेडफोन लावून बसवल्यावर काचेपलीकडच्या ऑडिओलॉजिस्टबाई, म्हणजे श्रवणतपासनीस, एकामागून एक सूर ऐकवीत गेल्या आणि ‘हा तुमच्या आवाजासारखा आहे का?’ असे विचारीत गेल्या. सहा हजार हर्ट्झच्या आसपास तो जुळला. मग त्याच सुराची पातळी हळूहळू चढवायला त्यांनी सुरुवात केली आणि ‘तुमच्या आवाजाइतका झाला की हात वर करा’ असे सांगितले. आता बराच वेळ लागणार अशा समजुतीने मी सावरून बसलो आणि दोन-तीन टप्प्यांतच माझा हात वर गेला. त्या कंपनसंख्येला मला जेमतेम ऐकू येते त्या पातळीच्या वर फक्त ५ डेसिबल. माझा विश्वास बसेना. मी आणखी दोनदा जुळवणी करून घेतली. आकडा तोच आला.

यात माझे वेगळेपण काही नाही. बहुतेक रुग्णांत ही जुळवणी अशीच थोडक्यात आटोपते आणि तिचा माणसाच्या त्रासाशी फारसा मेळ बसत नाही, हे १९४० च्या दशकापासून नोंदलेले आहे. दुखावलेल्या कानाला थोडी वाढलेली पातळीही फार मोठी भासते, हे खरे आहे आणि ते विसरू नये. पण तेवढ्याने सगळा हिशेब लागत नाही. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांच्यापैकी ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. म्हणजे कानात आवाज असणे एवढ्यानेच कोणी आजारी ठरत नाही. त्याच दिवशी मला एक २५ प्रश्नांची प्रश्नावली भरायला दिली होती. १९९६ पासून वापरात असलेली ही प्रश्नावली शंभरपैकी गुण देते: झोप लागते का, वाचनात लक्ष राहते का, यातून सुटका नाही असे वाटते का, चारचौघांत बोलणे कळते का. माझे गुण ६२ भरले. तिच्या पायऱ्यांत ५८ ते ७६ ही ‘तीव्र’ पायरी आहे. शिवाय ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, वरच्या सुरांना एक खळगा दिसला, ज्याचा मला पत्ताही नव्हता. सूर ५ डेसिबलचा, त्रास ६२ गुणांचा आणि ऐकू कमी येत असल्याची जाणीव शून्य. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, तिन्हींचे उपचार वेगळे आहेत, आणि ‘आवाज वाढला’ या दोन शब्दांत आपण त्या एकत्र कोंबतो. हे काही आजच्याच काळाला सुचलेले शहाणपण नाही. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांनीही भेरी, मृदंग, शंख यांसारखा आवाज तो कर्णनाद आणि वेणूसारखा तो कर्णक्ष्वेड असे दोन रोग वेगळे मानले होते. कारणमीमांसा आज पटो न पटो, आधी विचारपूस आणि मग औषध हा क्रम त्यांना ठाऊक होता.

हा क्रम पाळला नाही तर काय होते? कधी कधी फार गंभीर होते, आणि नामांकित क्लिनिकच्या तारखेची वाट पाहणे हीच चूक ठरते. एका कानाचे ऐकू येणे दोन-तीन दिवसांत झपाट्याने घसरले आणि त्याबरोबर आवाज सुरू झाला किंवा वाढला, तर ती तातडीची बाब आहे. स्टिरॉइड द्यायचे असतील तर ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करावेत असे तज्ज्ञांच्या मार्गदर्शिका सांगतात. अशा वेळी जवळचा कान-नाक-घसातज्ज्ञ आज भेटणे हे जगातले सर्वोत्तम टिनिटस क्लिनिक दोन महिन्यांनी भेटण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. आवाज एकाच कानात असेल, किंवा दोन कानांच्या ऐकण्यात फरक पडला असेल, तर श्रवणतंत्रिकेजवळ गाठ नाही ना हे एमआरआय करून पाहावे लागते. ती गाठ सहसा कर्करोगाची नसते, पण तिला वाढू देणेही परवडत नाही. आवाज नाडीबरोबर धडधडत असेल तर प्रकरण पूर्णच निराळे. मनगटावर बोटे ठेवून कानातले ठोके आणि हाताची नाडी एकाच तालात चालतात का, हे कोणालाही घरी पाहता येते. चालत असतील तर कारण रक्तवाहिन्यांत, कवटीतल्या वाढलेल्या दाबात किंवा मध्यकर्णातल्या गाठीत असू शकते, आणि त्यातली काही कारणे शस्त्रक्रियेने किंवा रक्तवाहिनीतून केलेल्या उपचाराने समूळ दूर होतात. अशा माणसाला ‘सवय करून घ्या’ सांगणे हा गुन्हा आहे आणि त्याला ध्वनिचिकित्सेचे यंत्र विकणे हाही गुन्हाच आहे. शिवाय साध्या गोष्टी राहतातच: साचलेला मळ, जबड्याचा सांधा, मोठ्या मात्रेतली अ‍ॅस्पिरिन, क्विनाइन, टोचून दिली जाणारी काही प्रतिजैविके, कर्करोगावरचे सिस्प्लाटिन. तुम्ही घेत असलेल्या औषधांची यादी ज्यांनी मागितली नाही, त्या क्लिनिकने ‘काय वाढले’ हा प्रश्न विचारलेलाच नाही.

आता पहिल्या पक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे. तपासण्यांतून धोक्याचे काही निघाले नाही, म्हणजे जे बहुसंख्यांच्या बाबतीत होते तेच झाले, तर पुढे खास क्लिनिक हवे कशाला, उपाय तर नाहीच? या म्हणण्यात दम आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका वाचली तर ‘देऊ नये’ची यादीच लांब दिसते: नैराश्यावरची, अपस्मारावरची, चिंतेवरची औषधे सरसकट देऊ नयेत, जिंको, मेलाटोनिन, जस्त सुचवू नये, मेंदूला चुंबकीय उत्तेजन देणे हा नेहमीचा उपचार करू नये. आवाज थांबवता येतो हे १९३५ मध्येच दिसले होते. रुग्णाला स्थानिक भुलीचे औषध दिल्यावर कानातला आवाज थोडा वेळ थांबतो, असे रॉबर्ट बाराणी या कानवैद्याला आढळले. पण औषध उतरले की आवाज परत, असा तो प्रकार होता आणि अजूनही आहे. श्रवणतंत्रिका कापून टाकली तरी कित्येकांचा आवाज तसाच राहतो, कारण कानाकडून येणारे संदेश उणावले की मेंदू स्वतःच आतली पातळी चढवतो आणि आवाज तिथे घर करतो, असे आज मानले जाते.

हे सगळे मान्य करूनही ‘उपाय नाही’ या वाक्यात एक मोठी गफलत आहे. आवाज कायमचा पुसून टाकणारा उपाय नाही, हे एक विधान; त्रास कमी करणारा उपाय नाही, हे दुसरे. पहिले खरे आहे म्हणून दुसरे खरे ठरत नाही. नेदरलँड्समध्ये ४९२ प्रौढांवर झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच प्रश्नाचा होता. अर्ध्यांना नेहमीची सेवा मिळाली आणि अर्ध्यांना पायरीपायरीने चढत जाणारी विशेष सेवा मिळाली, जिच्या मुळाशी सीबीटी म्हणजे विचार आणि वर्तन यांना हात घालणारी मानसोपचारपद्धती होती. वर्षभराने विशेष सेवा मिळालेल्यांचा त्रास अधिक कमी झालेला होता आणि जगणे अधिक सुसह्य झाले होते. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या समीक्षेने २८ अभ्यास आणि २,७३३ सहभागी तपासून सीबीटीमुळे टिनिटसचा जाच कमी होऊ शकतो असाच निष्कर्ष काढला. आवाज बंद करण्याचा दावा यांतल्या कोणीही केलेला नाही.

हा भेद पचवायला वैद्यकाला दुसऱ्या एका दुखण्याच्या बाबतीतही बराच वेळ लागला होता. जुनाट वेदनेवर शस्त्रवैद्यांनी तंत्रिका कापून पाहिल्या, त्याच्याही वरचे दोर कापून पाहिले, आणि कित्येकांची वेदना काही काळाने परत आली. जॉन बोनिका या भूलतज्ज्ञाने १९५३ मध्ये वेदनेवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे सिअॅटलच्या विद्यापीठात निरनिराळ्या शाखांचे वैद्य एकाच रुग्णाभोवती बसतील असे वेदना-क्लिनिक उभे केले. (हे गृहस्थ व्यावसायिक कुस्तीगीर होते आणि त्या कुस्त्यांची दुखणी त्यांनी जन्मभर वागवली, ही माहिती मला नेहमी बोलकी वाटते.) वेदना शून्यावर येत नाही म्हणून वेदना-क्लिनिके बंद करा, असे आज कोणी म्हणत नाही. मग कानाला वेगळा न्याय का?

दुसऱ्या पक्षाचा हुकमी पत्ता म्हणजे अनुभव. ‘अमुक एकाला तिथे गुण आला’ या वाक्यापुढे मार्गदर्शिका फिक्या पडतात, आणि ते समजण्यासारखे आहे; रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला आकडेवारीपेक्षा बरा झालेला माणूस जवळचा वाटणारच. शिवाय रुग्णांच्या अनुभवातून खरे ज्ञान मिळाल्याची उदाहरणे टिनिटसच्या इतिहासातही आहेत. बाहेरचा आवाज आतल्या आवाजाला झाकतो, हे यंत्रे निघण्याच्या कितीतरी आधी लोकांना वाहत्या पाण्याजवळ कळले होते, आणि फ्रेंच कानवैद्य इतार यांनी १८२१ च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली होती. तरीही क्लिनिक निवडण्याचे साधन म्हणून अनुभव कच्चा पडतो, आणि त्याचे कारण अनुभव सांगणारे खोटे बोलतात हे नसून माणूस क्लिनिकची पायरी कधी चढतो हे आहे. तो चढतो तो सर्वांत वाईट आठवड्यात. चढउतार होणाऱ्या दुखण्यात सर्वांत वाईट आठवड्यानंतर बहुधा जरा बरा आठवडा येतो, आणि मधल्या काळात जे काही केलेले असेल त्याच्या नावावर तो जमा होतो. सुंठीवाचून खोकला गेला तरी श्रेय सुंठीला मिळते.

याचा पुरावा हवा असेल तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली एक चाचणी पाहावी. टिनिटसला मेंदूने दुर्लक्षित करायला शिकावे म्हणून १९९० नंतर पुढे आलेली टीआरटी ही समुपदेशन आणि ध्वनियंत्र यांची जोडपद्धत जगभर प्रसिद्ध आहे. १५१ जणांची तीन गटांत विभागणी केली: एका गटाला पूर्ण टीआरटी, दुसऱ्याला तेच समुपदेशन पण नकली ध्वनियंत्र, तिसऱ्याला चांगल्या दर्जाची नेहमीची सेवा. तिन्ही गट सुधारले आणि सारखेच सुधारले. आता कल्पना करा की या तीन गटांतली माणसे आपापल्या ओळखीच्यांना काय सांगतील. तिघेही शपथेवर सांगतील की त्यांच्या उपचाराने गुण आला, आणि तिघांच्या क्लिनिककडे समाधानी रुग्णांची तेवढीच लांब यादी असेल. मग त्या यादीवरून निवड कशी करणार?

एकामागून एक दारे ठोठावण्याचे काय होते हे संगीतकार बेटहोव्हेनच्या चरित्रात दिसते. जून १८०१ मध्ये वेगेलर या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात, कान रात्रंदिवस गुणगुणत असतात असे सांगून त्याने उपचारांची जंत्रीच दिली आहे: एकाने कानात बदामतेल घातले, एकाने थंड स्नाने सांगितली, त्याहून समंजस असलेल्याने कोमट. प्रत्येक वैद्याकडे स्वतःचा उपचार तयार होता. त्या काळी कान तपासायची साधनेच नव्हती, तेव्हा त्या वैद्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आज साधने आहेत. तरीही ज्याच्याकडे जे यंत्र असते तेच प्रत्येक रुग्णाला लागू पडते, हा योगायोग अनेक ठिकाणी घडताना दिसतो.

हा योगायोग श्रवणयंत्रांच्या बाबतीत सर्वांत जास्त चर्चिला जातो. तपासणारा आणि विकणारा एकच असेल तर त्याचा सल्ला निर्मळ राहील का, ही शंका रास्त आहे. मात्र या शंकेपोटी श्रवणयंत्रालाच मोडीत काढणे हा आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार झाला. ज्याला टिनिटसबरोबर ऐकूही कमी येते, त्याला श्रवणयंत्राचा विचार करायला सांगावे, असे वर उल्लेखलेली मार्गदर्शिकाच म्हणते, कारण बाहेरचे आवाज पुरेसे आत आले की आतल्याचे वर्चस्व कमी होते आणि ऐकण्याची ओढाताणही कमी होते. माझ्याही बाबतीत तो खळगा भरून काढल्यावर बराच फरक पडला. सहा महिन्यांनी प्रश्नावलीचे गुण ३४ झाले, आवाजाची जुळवणी मात्र होती तिथेच होती. अर्थात मीही वाईट आठवड्यातच गेलो होतो, तेव्हा माझ्या ३४ गुणांवरूनही कोणी क्लिनिक निवडू नये. पाहायचे ते एवढेच, की यंत्र काही आठवडे वापरून परत करण्याची मुभा आहे का, आणि ऑडिओग्राम चांगला निघालेल्या रुग्णांना हे लोक काही न विकता घरी पाठवतात का. पहिल्या भेटीत हे थेट विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

मानसोपचारतज्ज्ञाचे नाव निघाले की पुष्कळजण दुखावतात. ‘म्हणजे माझा आवाज मनाचा खेळ आहे, असेच ना?’ हा प्रश्न मीही विचारला होता, आणि बराचसा रागाने. बऱ्याच डॉक्टरांनी ‘डोक्यातून काढून टाका’ असे हात झटकून सांगितलेले असते, त्यामुळे हा राग फुकटचा नाही. परंतु आवाज खरा असणे आणि त्याच्या भीतीने झोप उडणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. उडालेली झोप आवाजाकडे लक्ष वेधते, वेधलेले लक्ष भीती वाढवते, भीतीने झोप आणखी उडते. या फेऱ्यात हात घालायला कानात घालायचे काही उपयोगी पडत नाही. ज्या क्लिनिकमध्ये कानाचा डॉक्टर, ऑडिओलॉजिस्ट आणि सीबीटी जाणणारी व्यक्ती एकमेकांशी बोलतात, ते अनेक यंत्रे असलेल्या क्लिनिकपेक्षा मला जास्त विश्वासाचे वाटते. तिघे एकाच छपराखाली नसले तरी चालेल; एकाचा अहवाल दुसऱ्याने वाचलेला असावा.

नव्या उपकरणांविषयी मी हटवादी नाही. जिभेला सौम्य विद्युत्-उत्तेजन आणि कानांना ध्वनी असे एकत्र देणाऱ्या उपकरणाला मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने परवानगी दिली, आणि बुडत्याने त्या काडीकडे आशेने पाहिले तर त्याला नावे ठेवू नयेत. मात्र त्याच्या पहिल्या मोठ्या अभ्यासात ३२६ जणांना उत्तेजनाचे वेगवेगळे प्रकार दिले गेले. ज्यांना उपचारच दिलेला नाही असा गट त्यात नव्हता. टीआरटीच्या चाचणीत नकली यंत्र मिळालेलेही सुधारले होते, हे लक्षात ठेवले की या उणिवेचे वजन कळते. हे उपकरण सुचवणाऱ्या क्लिनिकने ही उणीव आपणहून सांगितली, तर तिथे प्रयोग करून पाहायला माझी हरकत नाही. न सांगता ‘मान्यताप्राप्त’ हा एकच शब्द पुढे केला, तर आहे.

२०२२ च्या एका व्यापक आढाव्यानुसार जगातल्या प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना टिनिटस आहे आणि सुमारे २ टक्के लोकांना तो तीव्र स्वरूपात आहे. एवढ्या मोठ्या संख्येची निवड ऐकीव माहितीवर सोडणे हा वैयक्तिक गैरसोयीचा मामला राहत नाही, म्हणून ‘टिनिटस क्लिनिक’ अशी पाटी लावणाऱ्यांकडून वैद्यकीय नियामकांनी किमान एक हिशेब मागावा असे मला वाटते: वर्षभरात किती जण आले, त्यांचे प्रश्नावलीचे गुण येताना किती होते, सहा महिन्यांनी किती झाले, आणि मध्येच येणे बंद केलेले किती. यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण निराश होऊन गेलेला माणूस तक्रार करायलाही परत येत नाही आणि सरासरीतून अलगद वगळला जातो. क्लिनिके म्हणतील की अवघड रुग्ण घेणाऱ्यांचे आकडे वाईट दिसतील. बरोबर आहे, आणि म्हणूनच येतानाचे गुण जाहीर करायचे. तोवर रुग्णाने आपल्यापुरता तोच हिशेब मागावा. उपचार ठरला की किती आठवड्यांनी पुन्हा मोजायचे आणि गुण किती कमी झाले नाहीत तर तो थांबवायचा, हे सुरुवातीलाच कागदावर लिहून मागावे. माझ्या कागदावर बारा आठवडे आणि वीस गुण असे लिहिले होते, आणि खाली ऑडिओलॉजिस्टबाईंची सही होती.